आतल्या बाजूची गाठ

१

जळकोटात शिवणकाम करणाऱ्या बाया ढीगभर आहेत. पण ब्लाउजच्या पाठीवर गुंड्यांची रांग हवी असेल, लेकराच्या टोपीला काहीतरी झोकदार बसवायचं असेल किंवा जुन्या साडीच्या पिशवीला रूप आणायचं असेल, तर माणसं माझ्याकडं येतात. हे मी स्वतःच सांगते. दुसऱ्यानं सांगेपर्यंत थांबायची मला सवय नाही.

माझं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दारासमोर हायवे, सोलापूरहून हैदराबादला जाणारा. ट्रक गेला की मशीनशेजारच्या स्टीलच्या डब्यातल्या गुंड्या खुळखुळतात. कापडानं मढवलेल्या, करवंटीच्या, काचेच्या, पितळी, मोत्यांच्या. कुणी जुने कपडे टाकायला निघालं की मी आधी सांगून ठेवते, कपडा पोतेऱ्याला घ्या, पण गुंड्या मला द्या. कापड मरतं, गुंडी मरत नाही. हे माझं वाक्य गावात आता बायकांच्या तोंडी बसलंय.

माझा नवरा गोरोबा दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. त्याला माझं हे वेड कळत नाही. पन्नास रुपयांच्या पिशवीला मी तासभर खपून गुंडी लावली की म्हणतो, "नाकापरीस मोती जड झाला बघ तुझा." म्हणू दे. दुधात पाणी किती हे बघणाऱ्याला शोभा काय कळणार!

एक मात्र मी शिकणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी सांगते. गुंडीची पुढची बाजू लोकांसाठी असते, मागची आपल्यासाठी. दोरा मागं न्यायचा, दोनदा ओढून गाठ मारायची आणि ज्वारीच्या दाण्याएवढं शेपूट ठेवून कापायचं. कपडा उलटा करून मागची गाठ बघितली की बाई कशी शिवते ते मला कळतं. पुढून कुणीही फसवू शकतं.

२

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग ठरलं. माझी लेक तिसरीत आहे. तिचं नाव राजनंदिनी, ते गोरोबाच्या हौसेनं ठेवलेलं, आणि हाक मारायला नंदू. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून बलभीम सरांनी तिला नाटकात राजपुत्र केलं. पोरगी आठ दिवस जमिनीवर पाय ठेवत नव्हती. मी तिच्यासाठी जांभळ्या मखमलीचं जाकीट शिवायला घेतलं, आत पिवळं अस्तर. सगळं जमलं, पण गुंड्या पसंत पडेनात. डबा दोनदा चटईवर ओतला. राजाला शोभतील असे एकसारखे पाच नग त्यात नव्हते.

त्याच दुपारी श्रीदेवी आली. हायवेवर पंक्चरचं दुकान आहे त्या कल्याणप्पाची बायको. माहेर कर्नाटकातलं, माझ्याहून लहान, म्हणून मला अक्का म्हणते. तिचा एकुलता एक शंभू दोन वर्षांपूर्वी गेला. डोक्यात ताप गेला म्हणाले. तेव्हापासून ती कुणाच्या दारात आलेली मी पाहिली नव्हती. मी चहा टाकू लागले तर नको म्हणाली आणि पदराखालून एक लहान मुलाचं जाकीट काढून मांडीवर ठेवलं.

"अक्का, ह्याच्या गुंड्या तुमच्या कामाला येतील."

गुंड्या बघून मी चहाचं विसरलेच. काळ्या शिंगाच्या, रुपयाएवढ्या, आणि दोन भोकांच्या भोवती शिंपल्याचं बारीक फूल जडवलेलं. पाच होत्या. अशा गुंड्या मी सोलापूरच्या बाजारातही पाहिल्या नव्हत्या.

"अगं, जाकीटच दे की. नंदूला व्हईल."

"जाकीट न्हाय," ती घाईनं म्हणाली. "ते मला पायजे. गुंड्या तेवढ्या घ्या."

मी कात्री घेतली. ती म्हणाली, हळू कापा. मी हळूच कापते, पण प्रत्येक वेळी कात्रीचा आवाज झाला की ती डोळे मिटत होती. लेकराचा कपडा आहे, जीव तुटत असेल, असं मला वाटलं आणि मलाही भरून आलं.

पाचवी काढून झाल्यावर सवयीनं मी जाकीट उलटं केलं. मागं गाठ नव्हती. एकाही गुंडीला नव्हती. दोरे अस्तरातून सरळ आत निघाले होते, बोटभर लांब, आणि टोकं कात्रीनं कापल्यासारखी, कुठं लांब, कुठं आखूड. असं कुणी शिवत नाही. शिवलं तर गुंडी एक दिवस टिकणार नाही. ह्या दोऱ्यांची गाठ अस्तरावर कधी पडलीच नव्हती, ती आणखी आत कुठंतरी होती आणि मधनंच कुणीतरी कापलं होतं.

"कुणी शिवलं होतं गं हे?"

"म्याच," श्रीदेवी म्हणाली. जाकीट माझ्या हातातून घेऊन तिनं घडी घातली, आणि जाताना दारात थांबून डब्याकडं बघत राहिली. ट्रक गेला नव्हता, तरी डबा खुळखुळला. मी म्हटलं, मशीनला माझाच पाय लागला असेल.

३

गुंड्या जाकिटाला अशा शोभल्या की मीच माझ्यावर खूश झाले. पाची गुंड्या मी लाल रेशमी दोऱ्यानं लावल्या, मागं पक्क्या गाठी मारल्या, शेपटं दाण्याएवढी कापली. हे मला चांगलं आठवतं. अशा गोष्टी मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी नंदूला घालून बघायचं म्हणून जाकीट उचललं तर वरच्या गुंडीची गाठ गेली होती. दोरा बोटभर बाहेर लोंबत होता. मी ज्वारीच्या दाण्याएवढा ठेवलेला दोरा बोटभर कसा होईल? कापलेला दोरा काही वाढत नाही. मग मनाला समजावलं, तारामती, चाळीशी आली, डोळ्यांचं बघ आता. पुन्हा गाठ मारली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गुंड्यांचं तसंच. रेशीम निसरडं असतं, म्हणून सुती दोरा घेतला. सुती दोऱ्याचंही तेच झालं. उंदीर म्हणावा तर उंदीर दोरा कुरतडतो, लांब करत नाही.

नंदूला मात्र जाकीट फार आवडलं. शाळेतून आली की दप्तर फेकून ते अंगात. मखमलीवर हात फिरवत आरशापुढं उभी राहायची आणि स्वतःशीच हळू बोलायची. नाटकातली वाक्यं असतील. एकदा अंगातून काढताना मला तिच्या छातीवर लाल ठिपके दिसले, गळ्यापासून पोटापर्यंत एकाखाली एक, गुंड्यांच्या जागी. दोन-दोनच्या जोडीत.

"मुंगी चावली का गं?"

"न्हाय," ती हसली. "गुदगुल्या व्हत्यात."

मी खोबरेल लावलं. त्याच आठवड्यात एका दुपारी ती जाकीट घालूनच आतल्या खोलीत झोपली होती आणि मी बाहेर ब्लाउज कापत होते. मशीन बंद, हायवेही जेवणवेळेचा थंड पडलेला. तेवढ्यात आतून आवाज आला, मखमलीतून दोरा ओढल्याचा. सर्र, मग थांबून पुन्हा सर्र. हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. वीस वर्षं ऐकतेय. माझ्या हातात कात्री होती आणि सुई समोरच्या उशीत खोचलेली होती. घरात शिवणारी दुसरी बाई नाही.

मी आत गेले. नंदू उताणी झोपली होती, हात अंगाशी, चेहरा शांत. खोलीत कुणी नव्हतं. मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. पण भीतीला नाव देता येईना, आणि गॅदरिंग दोन दिवसांवर आलं होतं. मी तिला हलवून उठवलं, जाकीट काढून खुंटीला लावलं आणि कामाला लागले.

४

गॅदरिंग दुपारीच ठेवलं होतं, कारण संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही. शाळेच्या एका वर्गात पडदे लावून पोरांची रंगरंगोटी चालली होती. मी नंदूला मुकुट बांधला, मिशी काढली आणि तिनं हट्ट केला म्हणून ओठांना लाल लिपस्टिकही लावली. मिशीवाल्या राजपुत्राला लिपस्टिक कशाला, पण पोरीची हौस. आतली बनियन टोचते म्हणून तिनं आधीच काढून टाकली होती.

बाहेरून बलभीम सरांनी हाक दिली, "राजपुत्र तयार हाय का? पुढचा नंबर तुमचा!" आणि नंदू उठताना वरची गुंडी टणकन तुटून फरशीवर घरंगळली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं अंगावरचं कापड अंगावरच शिवत नाहीत. शिवायचीच वेळ आली तर ज्याच्या अंगावर कापड आहे त्याच्या दातात काडी द्यायची. खराट्याची असो, कडब्याची असो. माझ्या आईनं मला सुई हातात देताना हे आधी शिकवलं, गाठ नंतर. का म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाली, "काडी असली की माणूस आपल्यात ऱ्हातं." मी अशा गोष्टींना हसते. पण हसत का होईना, काडी न देता मी आजवर टाका घातला नव्हता. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

जाकीट काढायला वेळ नव्हता. मुकुट, तलवार, पट्टा, सगळं सोडावं लागलं असतं. कोपऱ्यात खराटा होता. मी त्याची काडी मोडली, तिच्या तोंडाशी नेली आणि नंदूनं तोंड फिरवलं.

"आई, लिपस्टिक पुसंल!"

मी काडी टाकून दिली.

पदराला सुई नेहमी खोचलेली असते. चार टाके घातले. गाठ मारायला हात आत घालता येईना, म्हणून वरच दोरा गुंडाळून तोडला. नंदूनं हूं की चूं केलं नाही. माझ्या हाताला वाटलं की सुई अस्तरापेक्षा खोल जातेय, पण हात थांबला नाही. हायवेवर पाटी लावलेली आहे, अति घाई संकटात नेई. रोज दारातून वाचते मी ती.

नाटक फार छान झालं. नंदू एकही वाक्य चुकली नाही. टाळ्या पडत होत्या तेव्हा मी मागं वळून बघितलं, तर सगळ्यांच्या शेवटी श्रीदेवी उभी होती. तिच्याकडं बघून कुणालाही वाटलं असतं की स्टेजवर तिचंच लेकरू आहे.

५

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. गोरोबा केंद्रावर गेला. मी पाणी तापवलं आणि नंदूचे कपडे काढू लागले. खालच्या चार गुंड्या काजातून सुटल्या. वरची सुटली, पण जाकीट निघेना. गुंड्यांच्या बाजूचं कापड गळ्याखाली छातीला धरून बसलं होतं.

मी खालून बोट सरकवलं. एका बाजूला तिची ऊबदार कातडी, दुसऱ्या बाजूला अस्तर, आणि वरच्या गुंडीखाली बोट दोऱ्याला अडलं. दोरा ताणलेला होता. अस्तरातून निघून सरळ तिच्यात गेला होता.

पहिला विचार कुठल्याही आईला येईल तोच आला, बये, तू लेकराची कातडी शिवलीस! पण रक्त नव्हतं. सूज नव्हती. नंदूला दुखतही नव्हतं. ती आपली मजेत बडबडत होती. मी हसल्यासारखं केलं, लहान कात्री घेतली आणि गुंडीखाली सरकवली. एक दोरा, कापला की झालं.

"आई, सर म्हणले पुढच्या वर्षी मला—"

दोरा कापला गेला आणि ती तिथंच थांबली.

तोंड "मला" म्हणताना होतं तसंच उघडं राहिलं. डोळे उघडे. वर केलेला हात हळूहळू खाली आला, उसवलेली बाही येते तसा. मी नाकाशी हात नेला. श्वास नव्हता. मी तिला गदागदा हलवलं, नाव घेऊन ओरडले, पण शेजारीही ऐकू गेलं नसेल, कारण नेमका तेव्हाच ट्रकांचा तांडा चालला होता आणि डबा खुळखुळत होता.

मग मी जे केलं ते डोक्यानं केलं नाही. मला येतं एकच. उसवलं की शिवायचं. पदराची सुई काढली, दोरा होताच, गुंडीच्या भोकातून खाली घातली, कापडातून, अस्तरातून आणि पुढं. सुईला काही अडलं नाही. वर काढली, दुसऱ्या भोकातून पुन्हा घातली. ह्या वेळी मी ओढायच्या आधीच दोरा माझ्या बोटांतून निघाला. आतून कुणीतरी तो ओढत होतं. सर्र करून वीतभर गेला, थांबला आणि मग दोनदा हिसका बसला, एकदा हलका, एकदा घट्ट. गाठ मारतात तसा. सुई मोकळी होऊन माझ्या हातात राहिली.

"—राणी करणार हायेत," नंदू म्हणाली. "आई, रडतीस का?"

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी श्रीदेवीच्या घरी गेले. पंक्चरच्या दुकानामागं पत्र्याची एक खोली. कल्याणप्पा बाहेर टायर बडवत होता. आत खुंटीवर ते लहान जाकीट लटकत होतं, बिनगुंड्यांचं. मी बोलायच्या आधीच तिनं विचारलं.

"किती कापल्या?"

"एकच. परत लावली."

"मग हाय तुमची पोर," ती म्हणाली.

"श्रीदेवी, काय केलंस तू हे? तुला ठावं व्हतं!"

"जत्रंत फोटू काढायचा व्हता, अक्का. टाका तुटला. म्या अंगावरच घातला. काडी दिली न्हाय. फोटूत काडी कशी दिसंल?" तिनं खुंटीकडं बघितलं. "मग निघंना. एकीमागनं चार दिसात पाची अंगात बसल्या. लेकरू अडकलंय, सोडवावं म्हणलं. म्या सगळ्या कापल्या, एका दमात. परत लावायचं सुचलंच न्हाय मला. मला कुठं येतंय तुमच्यावानी शिवायला!"

बाहेर टायरवर हातोडा पडत होता. मला तिचा गळा दाबावासा वाटत होता आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

"मग मला का दिल्यास गं त्या?"

"तुमीच म्हणता की, कापड मरतं, गुंडी मरत न्हाय. टाकवंना. जाळवंना. तुमच्या डब्यात लई गुंड्या, त्यात ऱ्हातील म्हणलं. तुमी पोरीला लावसाल असं न्हवतं वाटलं. नंदूच्या अंगावर बघितल्या तवा वरडायचं व्हतं मला. पन लई शोभत व्हत्या, अक्का."

मी उठले. दारापर्यंत आले तर तिनं मागून माझा पदर धरला.

"एक इचारू? दोरा आतून वढला का?"

मी होकाराची मान हलवली.

"हात ल्हान वाटला का?"

मी पदर सोडवून घेतला आणि निघून आले.

७

तिच्या सांगण्याप्रमाणेच झालं. एकेक करून उरलेल्या चार गुंड्यांच्याही मागच्या गाठी गेल्या आणि पाची बसल्या. गोरोबाला सांगावंच लागलं. तो म्हणाला, वेड लागलंय तुला, उद्या सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेऊ. मी दारात आडवी झाले. मी म्हटलं, ते काय करतील? कापतीलच ना? त्यानं नंदूला जवळ घेतलं, गुंडीखाली बोट घालून बघितलं आणि बोट झटकन काढलं. त्याला काय लागलं ते त्यानं आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यानंतर तो सोलापूरचं नाव काढत नाही, आणि नाकापरीस मोतीही म्हणत नाही.

गावाला आम्ही सांगितलं की नवस आहे, फिटेपर्यंत जाकीट काढायचं नाही. नवस म्हटलं की माणसं पुढं विचारत नाहीत. शाळेनंही चालवून घेतलं. उन्हाळा आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसत काढला. नंदूला काही दुखत नाही. खाते, खेळते, अभ्यासाचा कंटाळा करते. फक्त उंची वाढतेय. म्हणून मी जाकीट मोठं करत असते. कुशी उसवते, खाली पट्टी जोडते, खांद्यात तुकडा घालते, सगळं अंगावरच, तिच्या दातात काडी देऊन. आता मूळच्या मखमलीचा एवढासा पट्टा राहिलाय, गुंड्यांच्या मागचा. त्याला मी हात लावत नाही.

दुपारी ती झोपली की मी जवळ बसते. सर्र आवाज आला की बरं वाटतं. आतून डागडुजी चालली आहे असं समजते. माणूस कशाचीही सवय करून घेतं.

काल वरच्या गुंडीचा दोरा झिजलेला दिसला. ती गुंडी मीच एकदा कापून लावलेली. दोऱ्याचे पीळ सुटून दोन-तीन तंतू उरले होते. नंदू बोलताना शब्दांच्या मध्ये थांबत होती. मी दार लोटलं, तिला उजेडात बसवलं आणि ह्या वेळी घाई केली नाही. खराट्याची काडी धुतली, तिच्या दातात दिली. चांगला दोरा घेतला, दुहेरी केला. सुई भोकातून घातली आणि दोरा सैल सोडून थांबले.

ओढ लागली नाही.

मी सुई परत काढली, दोरा तिच्यामागून जसाच्या तसा बाहेर आला. दुसऱ्यांदा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घालताना एक तंतू तुटला आणि नंदूची पापणी अर्ध्यावर येऊन थांबली. मी तिचा गाल थोपटला. "नंदू, माझ्याकडं बघ. बाळा, माझ्याकडं बघ." तिनं काडी जिभेनं एका बाजूला सारली आणि फार हळू, एकेक शब्द शोधत म्हणाली,

"आई, गाठ बसंना म्हणतंय. काडी हाय तवर हात पुढं येत न्हाय म्हणतंय."

"कोण म्हणतंय?"

ती माझ्या मागं भिंतीकडं बघत राहिली, ओठांच्या कोपऱ्यात काडी धरून, माझी वाट बघत. हायवेवरून ट्रक गेला, डबा खुळखुळला आणि गप्प झाला. मला आई आठवली. काडी असली की माणूस आपल्यात राहतं, म्हणाली होती. पण काडी होती आणि माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. आईला आता विचारता येत नाही, आणि ती असती तरी मी तिचं ऐकलं नसतं.

शेवटचा तंतू तुटायच्या आत मी नंदूच्या दातांतून काडी काढून घेतली, सुई आत घातली आणि दोरा सोडून दिला.